चौकातून चार मिनिटं

इटालियन माणूस स्वतःच्या मरणाला उशिरा पोचेल, पण दुपारच्या जेवणाला नाही, असं आमच्या लुगो गावात म्हणायचे. म्हणणारे सगळे आता वारले. त्यातले बरेचसे जेवणानंतर.

माझी एर्सिलिया मावशी मात्र आहे, आणि तिच्या स्वयंपाकघरात तारेचा फोनही आहे. त्याचं कारण तिचा नवरा. ओविदिओ काकांचं चौकात खिळे-बिजागऱ्यांचं दुकान होतं. साडेबाराला गिऱ्हाईकं हटवायची, दुकानाचं शटर ओढायचं, घरी फोन लावायचा, दोनदा वाजू द्यायचा आणि ठेवून द्यायचा. याचा अर्थ, पास्ता टाक. चौकातून घर सायकलवर चार मिनिटं, मावशीच्या हातच्या पास्त्यालाही उकळत्या पाण्यात चारच मिनिटं. त्यांचा संसार एक्केचाळीस वर्षं टिकला, तो माझ्या मते या हिशेबावर.

मावशीला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, शनिवारी. मुलगा देमेत्रिओ बायको नोएमीबरोबर मिलानोत राहतो, तिथल्या बँकेत काम करतो आणि दुपारी संगणकासमोर डब्यातला पाला खातो. त्याने विचारलं, "आई, तुला काय आणू?"

"काही नको. नोएमीला घेऊन जेवायला ये. चौकात पोचलास की फोन लाव. दोनदा वाजू दे."

"मोबाइलवर कळवतो ना."

"मोबाइल खणात आहे. घरच्या फोनवर. तुझे बाबा लावायचे तसा."

"बरं बरं," देमेत्रिओ म्हणाला. 'बरं बरं' म्हणणाऱ्या माणसाने काही ऐकलेलं नसतं, हे मी पंचवीस वर्षं शिक्षकी करून सांगतो.

शनिवारी मी अकराला पोचलो. मावशीने पहाटे उठून आठ अंड्यांचं पीठ मळलं होतं. हातभर लाटण्याने लाटून, रुंद शेवयांसारख्या पट्ट्या कापून पांढऱ्या कापडावर पसरल्या होत्या. मटणाचा रस्सा तीन तास रटरटत होता. ती पातेल्याशेजारी, फोनकडे तोंड करून बसली.

"फुल्विओ, फोन नीट चालतो ना रे?"

"चालतो, मावशी."

"उचलून बघू नकोस. नेमका तेव्हाच लावेल."

बारा एक्केचाळीसला फोन वाजला. एकदा. दोनदा. थांबला.

मावशी ताडकन उठली. केस मागे सारले आणि सगळा पास्ता पाण्यात सोडला. अशी चटपटीत मी तिला काका गेल्यापासून पाहिली नव्हती. चार मिनिटांनी पास्ता निथळून, रश्श्यात घोळून टेबलावर आला. वाफ येत होती. दारात कुणी आलं नाही.

दहा मिनिटं झाली. देमेत्रिओचा मोबाइल लागेना.

"चौकातच काहीतरी झालं," मावशी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "जा, बघून ये. काकांची सायकल घे."

मी गेलो. पूर्वी या वेळी आमच्या चौकात रस्त्यावर आडवं झोपता यायचं. खिडक्यांतून फक्त काट्या-चमच्यांचा आवाज. आता सगळी दुकानं उघडी. बायका पायऱ्यांवर मांडीत कागदी वाडगे घेऊन बसलेल्या, एक वकील चालता चालता पावात तोंड घालून फोनवर भांडत होता. काकांच्या दुकानाच्या जागी कच्चा मासा आणि भात मिळतो; तिथे रांग होती. अपघात कुठेही नव्हता. म्हणजे मी शोधत होतो तसला नव्हता.

दोन वाजून दहा मिनिटांनी देमेत्रिओ आणि नोएमी आले, हसत.

"हमरस्त्यावर गर्दी," देमेत्रिओ म्हणाला. "पंपावर एकेक सँडविच खाल्लं. कळवलं होतं की. बघितलं नाहीस?"

खणातला मोबाइल कधीचा विझला होता.

मावशीने ताटं पुढे केली. पास्त्याचा एकच गोळा झाला होता. काटा उभा राहत होता. काका असते तर टोपी घालून निघून गेले असते. "पास्ता थांबत नसतो, आपण थांबायचं," असं म्हणून ते एकदा पाद्रीबाबांना अर्ध्या प्रार्थनेत सोडून जेवायला बसले होते.

"आई, मी दुपारी पिठाचं खात नाही," नोएमी म्हणाली, "पण तुमच्यासाठी दोन घास."

देमेत्रिओने गोळ्याचा तुकडा मोडला, चावला, डोळे मिटले. "अगदी लहानपणीसारखा."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं.

"फोन मात्र आठवणीने केलास," ती हळूच म्हणाली.

"कुठला फोन? घरचा नंबर माझ्याकडे नाहीच गं आता."

कुणी काही बोलायच्या आत फोन पुन्हा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. मावशीने उचलला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी विजेची नवी योजना विकत होती; टेबलापर्यंत ऐकू येत होतं.

"मघाशी तूच लावला होतास का ग?" मावशीने विचारलं. "पावणेएकला?"

"हो आजी, यंत्र लावतं. कधी कधी मध्येच कटतो."

"त्याच वेळी का पण?"

मुलीने कागद चाळल्याचा आवाज आला.

"आमच्याकडे लिहिलंय, साडेबारा ते अडीच माणसं घरी जेवत असतात."