पडद्यावरचा शिक्का

जिंग-रोऊचं पहिलं डिजिटल चित्र विकलं गेलं, तेही तैपेईच्या अशा जुन्या गॅलरीत, जिच्या मालकीणबाई श्यू यांनी "पडद्यावर हलतं त्याला काय चित्र म्हणायचं?" म्हणून नाक मुरडलं होतं. घेणारे लू आजोबा ब्याऐंशी वर्षांचे.

"मालक मी, हे दिसतं कुठे?" त्यांनी विचारलं.

तिने फोनवर चित्राच्या मालकीची डिजिटल नोंद दाखवली. आधी तिचं नाव, खाली त्यांचं. "पुढे जो घेईल त्याचं नाव खाली जोडलं जाईल, आजोबा. कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही."

"अगं, मग हे शिक्केच की! माझ्या घरी डोंगराचं जुनं चित्र आहे, त्यावर नऊ मालकांचे आहेत; ज्याने घेतलं त्याने आपला मारला."

त्यांनी खिशातून स्वतःचा शिक्का काढला, लाल शाईच्या डबीत दाबला आणि सरळ भिंतीवरच्या चित्राच्या पडद्यावर उमटवला. श्यूबाई किंचाळत फडकं घेऊन धावल्या.

"खबरदार पुसाल तर!" जिंग-रोऊ हसत आडवी आली. चित्रातलं धुकं वाहत होतं, शिक्का मात्र जागचा हलला नव्हता.

"ओरडता काय?" आजोबा म्हणाले. "अगदी कोपऱ्यात मारलाय. पुढच्या मालकाला जागा नको?"