ठेवणीतली पँट

कुरुंदवाडच्या बसलिंगाप्पानं वयाच्या बासष्टाव्या वर्षी पहिली पँट शिवायला टाकली, तेव्हा मौला टेलरनं आधी त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहिलं. मागून मुलगा येत असेल, माप त्याचं घ्यायचं असेल, असं त्याला वाटलं.

"कुणाचं माप घ्यायचं, अण्णा?"

"माझंच. घे की."

"आं? लगीन-बिगीन ठरलं का काय तुमचं?"

बसलिंगाप्पा हसला नाही. एरवी चेष्टेला तो गावात कुणाला हार जायचा नाही, पण या पँटीच्या बाबतीत त्याला चेष्टा नको होती. मौलाच्या ते ध्यानात आलं आणि त्यानं निमूटपणे टेप कमरेला लावला. धोतर नेसलेल्या माणसाच्या पायाचं माप घेताना त्याची जी तारांबळ उडाली ती त्याचं त्यालाच ठाऊक.

या पँटीमागं एक वर्षाची जळजळ होती. गेल्या साली कोल्हापूरच्या घोड्यांच्या प्रदर्शनात बसलिंगाप्पा आपली चंद्री घेऊन गेला होता. चंद्री म्हणजे पंचकल्याणी घोडी. चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा ठिपका, बाकी अंग चिंचोक्यासारखं तुकतुकीत. बसलिंगाप्पाचं निम्मं बोलणं 'माझी घोडी' या शब्दांनी सुरू व्हायचं. तर त्या दिवशी धोतर, डोक्याला मुंडासं आणि पायात करकर वाजणाऱ्या चपला अशा थाटात तो रिंगणाच्या तोंडाशी पोचला. तिथं हंबीरराव म्हणून घोडदळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ सगळ्यांचे पोशाख तपासत होते. त्यांनी याच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ए मोतद्दार, मालक कुटं हाईत तुझं? बलीव त्यास्नी."

मोतद्दार म्हणजे घोड्याची लीद काढणारा, खरारा करणारा नोकर. चारचौघांत, माईकच्या शेजारी, घोडीसमोर! "मीच मालक," असं त्यानं सांगितल्यावर हंबीरराव ओशाळले, माफीही मागितली, पण शेजारच्यांनी दात काढायचे ते काढलेच. वर धोतरावर रिंगणात सोडत नाहीत हा नियम होताच. चंद्री दारातनं परत आली.

आता खरं सांगायचं तर, लीद बसलिंगाप्पा काढतच नव्हता. ते काम आक्काताईचं, म्हणजे त्याच्या बायकोचं. पहाटे हरभरा भिजवलेला घालायचा, खरारा करायचा, खूर साफ करायचे, पाणी दाखवायचं, हे सगळं ती करायची. बसलिंगाप्पा संध्याकाळी घोडी बाजारपेठेतनं फिरवून आणायचा आणि भेटेल त्याला तिची वंशावळ सांगायचा. पण हे त्याला कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं.

यंदा त्यानं ठरवलंच होतं. हंबीररावासमोर असं उभं राहायचं की त्यानंच म्हणावं, या मालक. पुण्यात नोकरीला असलेल्या सोमशेखरनं, त्याच्या मुलानं, फोनवर नियम वाचून दाखवले. घोडा धरणाऱ्यानं पांढरा शर्ट, पांढरी पँट घालावी. कापड अंगासरशी असावं. लोंबतं, फडफडतं, भडक काही नको. दागिन्यांचा आवाज नको. पायात बंद बूट हवेत.

"ध्येनात आलं का अण्णा? लोकांनी घोडा बघायचा असतोय, धरनारा न्हवं."

"कळतंय मला. बुटाच्या नाड्या कशा बांधायच्या त्येवढं सांग."

नाड्या तो माळ्यावर बसून, मोबाइलवर व्हिडिओ लावून शिकला. दोन दिवस गेले, पण गाठ बसली. शर्ट आणि पँट मात्र शिवून आल्या त्या थेट ट्रंकेत. कागदात गुंडाळून, वर मूठभर डांबरगोळ्या टाकून, कुलूप.

आक्काताई म्हणाली, "एकडाव घालून घोडीम्होरं उभं तर ऱ्हावा. तिनं बघायला नगं व्हय?"

"नवी कापडं हायत. लिदीत मळवू?"

"मळली तर धुईन की मी."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य बसलिंगाप्पाकडं नेहमी तयार असायचं. खरं कारण वेगळं होतं. गावानं आपल्याला पँटीत बघावं, हे त्याला सोसणार नव्हतं. साठ वर्षं धोतरात झाकलेले पाय एकदम दिवसाउजेडी वेगवेगळे दिसायचे म्हणजे काय! कोल्हापुरात ठीक होतं, तिथं त्याला कोण ओळखत होतं?

प्रदर्शनाच्या दिवशी पिकअपमधून घोडी निघाली. बसलिंगाप्पा धोतरातच होता, पिशवीत ठेवणीतले कपडे. आक्काताई ठेवणीतलं नऊवारी इरकल नेसून ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर भाकरीचं गठुडं. तिला यायचं नव्हतं, म्हणजे तिला कुणी विचारलं नव्हतं. पण पिकअपमध्ये चढायला चंद्रीनं नकार दिला आणि आक्काताईनं पुढं होऊन कानडीत "बा गं, बा," म्हटल्यावर ती मुकाट्यानं चढली. मग आक्काताईलाही बरोबर घेणं भाग पडलं. उतरवताना परत हाच घोळ झाला असता. मैदानावर सोमशेखर पुण्याहून येऊन थांबलाच होता.

नंबर जवळ आल्यावर बसलिंगाप्पा पत्र्याच्या आडोशाला गेला आणि बाहेर आला तेव्हा पोराचा जबडाच खाली आला. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्रीची पँट, काळे चकचकीत बूट. गळ्यातली लिंगाची डबी नीट शर्टाच्या आत. माणूस कसा शाळेच्या हेडमास्तरासारखा दिसत होता. आक्काताईनं पदर तोंडाला लावला. हसू होतं की काय होतं, ते बसलिंगाप्पाला कळलं नाही, पण त्याचे कान लाल झाले.

तो चंद्रीकडं गेला. "चल गं राणी," म्हणून दोराला हात घातला.

चंद्रीनं नाकपुड्या फुगवल्या, कान मागं पाडले आणि एकदम मागं सरली. दोर त्याच्या तळव्याला चरचरत गेला.

"अगं, मी हाय की! मीच!"

तिनं एक कान त्याच्याकडं वळवला, पण पाय मागंच निघाले. आवाज धन्याचा होता, पण घोडं आधी नाकाला विचारतं. आणि नाक सांगत होतं की हा काही आपला माणूस नव्हे. चंद्रीच्या उभ्या आयुष्यात तिच्या गोठ्यात पांढऱ्या कपड्यांत, पँट घालून, औषधाचा उग्र दर्प घेऊन येणारा माणूस एकच होता, गुरांचा डॉक्टर. तो आला की सुई टोचूनच जायचा. आणि आज धनी स्वतःच तसले कपडे चढवून, अंगाला डांबरगोळ्यांचा घमघमाट सुटलेला, पुढं आला होता. तिनं काय समजायचं?

सोमशेखर पुढं झाला. तोही पँटीतलाच. एक तर पुण्याहून सणाला येणारा, त्यात घोडीनं त्याला एकदा चावून ठेवलेलं. तिनं नुसते दात दाखवले आणि तो चार पावलं लांब गेला.

"पावणं, पुढचा नंबर तुमचा हाय," रिंगणाच्या तोंडावरून हंबीररावांचा आवाज आला. हा माणूस गेल्या सालचाच, पण त्यांनी बसलिंगाप्पाला ओळखलं नव्हतं. उलट अदबीनं म्हणाले, "या मालक, पोशाख झ्याक हाय तुमचा. घोडी आना."

वर्षभर ज्या शब्दांची वाट बघितली ते शब्द असे कानावर पडले, आणि घोडी वीतभर पुढं यायला तयार नव्हती. बसलिंगाप्पाला रडू कोसळायचंच बाकी होतं.

"सायेब, पाच मिन्टं द्या. मी धोतर नेसून येतो. मग बघा कशी चालती ती."

"धोतर चालायचं न्हाय. एकाचं धोतर घोड्याच्या पायात आलतं, मानूस फरफटत गेला. तवापासनं नियम हाय. माझा इलाज न्हाय, मालक."

दोर सोडून बसलिंगाप्पा मागं वळला. आणि त्यानं पाहिलं की चंद्री शांत उभी आहे. आक्काताई तिच्या गळ्याशी उभी होती आणि घोडीनं नाक तिच्या पदरात खुपसलं होतं. भाकरीचा, चुलीचा, गोठ्याचा, रोजच्या पहाटेचा वास तिथं होता. आक्काताई तिला रागेच भरत होती, "येडी का काय तू? धनी हाय त्यो तुझा. पँट घातली म्हनून काय झालं?"

हंबीरराव ते बघत होते. ते म्हणाले, "ह्या वैनींनी धरली तर?"

"ती?" बसलिंगाप्पा म्हणाला. "ती बाईमानूस हाय."

"ते दिसतंय मला. रिंगणात बाईनं येऊ नये असं कुटं लिवल्यालं न्हाय."

"अन् लुगडं चालतंय? धोतर न्हाय, अन् लुगडं चालतंय?"

"धोतराला नियम हाय," हंबीरराव गंभीरपणे म्हणाले. "लुगड्याला नियमच न्हाय. कागद करनाऱ्यांच्या डोक्यातच आलं न्हाय ते. मी फकस्त येवडं बघनार, अंगासरशी हाय का, लोंबतंय का, अन् पायात बंद बूट हाईत का. तीन मिन्टं हाईत तुमच्याकडं."

सगळे आक्काताईकडं बघायला लागले. तिला वाटलं, नवरा आता 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणणार. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. बसलिंगाप्पाच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण घोडी समोर होती. तिचं नाक अजून त्या पदरातच होतं. आणि त्याला एकदम, भर मैदानात, लख्ख कळलं की सहा वर्षांत आपण या घोडीला एकदाही खरारा केलेला नाही.

"जा," तो म्हणाला. "उसात नेसतीस तसं नेसून ये."

आक्काताई आडोशाला गेली. एरवी ती गोल नेसायची, पण उसात उतरताना कासोटा घालायची. ती बाहेर आली ती कासोटा मागं घट्ट खोवून, पदर कमरेला आवळून, मंगळसूत्र चोळीत सारून. लोंबतं-फडफडतं औषधाला नव्हतं. हंबीररावांनी मान डोलावली आणि तिच्या हातांकडं बोट केलं. हातभर काचेच्या बांगड्या होत्या.

बसलिंगाप्पानं खिशातला रुमाल काढला. सोमशेखरचा घेतला. बांगड्या कोपराकडं सारून त्यानं दोन्ही हातांवर रुमाल आवळून बांधले.

"बूट?" हंबीरराव म्हणाले.

मैदानावर बाईच्या पायात बसेल असा बंद बूट कुठून आणायचा? बसलिंगाप्पा मातीत बसला. स्वतःचे चकचकीत बूट काढले, मोजे काढले. मोज्यांचे बोळे बुटांच्या टोकात कोंबले आणि म्हणाला, "पाय आन हिकडं."

"अवो, काय करताय! लोकं बघायल्यात. मी घालतो की माझं मी."

"नाड्या कुटं येत्यात तुला? मलाबी आत्ताच आल्यात."

लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्या पायांना त्यानं कधी हात लावला नव्हता. लावायचा नसतोच, अशीच त्याची समजूत. टाचांच्या भेगांत गोठ्याची काळी रेघ बसलेली होती, इरकल नेसून, पाय घासून आली तरी न निघालेली. त्यानं गाठ पक्की केली. जोडवी टोचू नयेत म्हणून बूट जरा सैल ठेवला. मग तिच्या चपला उचलल्या आणि उठून उभा राहिला.

"निल्लु म्हटलं की थांबती ती," तो म्हणाला.

"मला म्हाईत हाय," आक्काताई म्हणाली. "मीच शिकवलंय."

आणि ती गेली. बूट खटक खटक वाजत होते, चालताना ती जरा डगमगत होती, पण दोर सैल होता. शेजारून चंद्री अशी चालली की दोराची गरजच नव्हती. परीक्षकानं पळवायला सांगितल्यावर आक्काताईही पळाली, बांधावरून म्हशीमागं पळावं तशी. घोडीनं मान उंच केली आणि चारी पांढरे पाय मोजून टाकत तिच्याबरोबर दुडकी धरली. लोकांनी घोडीच बघितली. नियमाला हवं होतं ते हेच. एका माणसानं मात्र घोडी बघितलीच नाही. तो रिंगणाच्या दोरीपाशी अनवाणी उभा होता आणि त्याची नजर बायकोवरून हलत नव्हती.

चंद्रीचा तिसरा नंबर आला. हंबीरराव कागद घेऊन दोरीपाशी आले.

"मालक, माईकवर नाव सांगायचं हाय. घोडी तुमच्याच नावावर हाय न्हवं?"

बसलिंगाप्पानं रिंगणात पाहिलं. आक्काताई घोडीच्या कपाळावरचा घाम हातानं पुसत होती आणि तिला काहीतरी सुनावत होती.

"कागदावर माझं हाय," तो म्हणाला. "पर तुमी आक्काताईची घोडी म्हना."

हंबीररावांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. पांढरा शर्ट, पांढरी पँट, अनवाणी पाय, हातात बाईमाणसाच्या चपला. कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं त्यांना.

"अन् मग तुमी कोन?"

"मी व्हय? मी मोतद्दार," बसलिंगाप्पा म्हणाला, आणि त्यानं हातातल्या चपलांची माती त्या ठेवणीतल्या पँटीला पुसली.