वाळलं का?

स्वयंपाकघराच्या ओट्यावरून बोलतोय मी. टाइल्स नव्हे. टाइल्सना चेहरा असतो, पाहुणे त्यांचं कौतुक करतात. मी त्यांच्या मधल्या फटींत भरलेला एपॉक्सीचा भराव. रुंदी म्हणाल तर काडेपेटीतल्या काडीएवढी. माझ्यात पाणी मुरत नाही, तेल शिरत नाही, चहाचा डाग राहत नाही. दगडालाही कधीतरी पाझर फुटतो म्हणतात. माझ्याबद्दल तसं अजून कुणी म्हटलेलं नाही.

जन्मलो तेव्हा मी एक नव्हतो, दोन होतो. कारखान्यात एका डब्यात राळ भरली, दुसऱ्या डब्यात तिला कडक करणारं रसायन. वेगवेगळे होतो तोवर आम्ही दोघंही मऊ आणि निरुपद्रवी. एकत्र कालवलं की मात्र थोड्या वेळाचा खेळ, मग ब्रह्मदेव आला तरी सोडवू शकत नाही. दोन्ही डबे एका खोक्यात बसले, खोकं दुकानात गेलं आणि दुकानातून या घरी आलं.

आणलं निरीक्षकांनी. ते वजनमापे खात्यात होते. जन्मभर दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरले, वजनं उलटी करून कुणी बुडाशी खरवडलंय का ते पाहत राहिले. निवृत्त झाल्यावर तपासायला घर तेवढं उरलं.

खोकं वर्षभर ओट्यावरच्या कपाटात पडून होतं. मला काम नव्हतं, कान होते. तेव्हा खाली फटींत पांढरं सिमेंट होतं. भोळं बिचारं. जे सांडेल ते पिऊन बसायचं. सकाळी निरीक्षक चष्मा लावून यायचे, एखाद्या फटीवरून करंगळीचं नख ओढायचे आणि ते नख बायकोच्या नाकासमोर धरायचे.

"हे काय?"

"चहा."

"कधीचा?"

"तुमची बढती हुकली त्या दिवसाचा असेल. कप तुम्हीच आपटला होता."

निरीक्षकांना विनोद कळायचा, पण ते तो मंजूर करायचे नाहीत. "घास. ब्रशनं घासलं की निघतं," एवढंच म्हणायचे. मग बाई जुना दात घासायचा ब्रश घेऊन ओणवं व्हायच्या.

"अहो, ते वर खोकं आणून ठेवलंय ना, ते एकदा भरून टाका की. माझी पाठ जाते हो."

"भरू. घाई काय आहे? तुला सगळं आयतं हवं."

या घरात कुणी कुणावर हात उगारला नाही. नख पुरत होतं.

त्यांची मुलगी नोकरी करते, दुसरीकडे राहते. एकदा आली असताना तिनं खोकं काढून त्यावरची माहिती वाचली. "आई, यात दोन डबे आहेत. एक मऊ आणि एक त्याला कडक करणारा."

"माहितीये," बाई म्हणाल्या. "तसाच संसार केलाय मी. दुसरा डबा बाहेर पेपर वाचतोय."

दोघी इतक्या हसल्या की बाईंनी पोट धरलं, आणि हसू थांबलं तरी हात पोटावरून निघाला नाही. तेव्हापासून तो हात तिथंच असायचा. "खाण्याकडे लक्ष नाही तुझं," निरीक्षक म्हणाले. पुढेही बरेच दिवस तेच म्हणत राहिले. शेवटी मुलीनं सुट्टी काढली आणि ती आईला घेऊन इस्पितळात गेली. ऑपरेशन ठरलं.

बाई इस्पितळात गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी निरीक्षक नेहमीसारखे चष्मा लावून स्वयंपाकघरात आले. फटीवरून नख ओढलं. काळं निघालं. ते नख समोर धरून ते बराच वेळ उभे राहिले. मग हात धुतला आणि स्टूल घेऊन मला खाली काढलं.

काम त्यांनी उत्तम केलं, हे मी सांगितलंच पाहिजे. तीन-चार दिवस खपून जुनं सिमेंट पात्यानं खरवडून काढलं, फटी ब्रशनं झाडल्या, कोरड्या फडक्यानं पुसल्या. माझे दोन्ही भाग छोट्या तराजूवर तोलून घेतले. काटा हलायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाही. मग मला कालवलं. मी त्यांच्या हातात गरम झालो. रबरी थापीनं त्यांनी मला तिरपं ओढत फटींत दाबलं. कोपऱ्यांत थापी पोचेना तेव्हा आइस्क्रीमची काडी घेतली. या माणसाच्या हातात एवढी माया असेल असं कपाटात बसून मला कधी वाटलं नव्हतं.

"बघ म्हणावं," ते पुटपुटत होते. "आता घासायला नको. आता म्हण, तुम्ही माझं काही ऐकत नाही म्हणून."

भरून झालं की टाइल्सवर माझी पातळ साय राहते. ती ओल्या स्पंजनं वेळेत पुसावी लागते, नाहीतर कायमची बसते. ते साय पुसत असताना बाहेरच्या खोलीत फोन वाजला. हातमोजे चिकट झाले होते. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. ते पुसत राहिले. शेवटची टाइल लख्ख झाली तेव्हा दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला.

मुलगी आईला घेऊन आली होती. आणखी आठवडाभर तरी येणार नाहीत असं ठरलेल्या बाई घरात उभ्या होत्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत, सरळ स्वयंपाकघराकडे निघाल्या. "मला माझ्या हातचा चहा प्यायचाय," एवढंच म्हणत होत्या. कपडे अंगावर लोंबत होते. ओट्याशी पोचल्या आणि त्यांचा तोल गेला. आधारासाठी त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नकोस!"

निरीक्षक ओरडले. बाजारात, खोटं वजन सापडलं की ओरडत असतील, तसे.

बाईंचा हात हवेतच राहिला. मुलीनं मागून धरलं म्हणून त्या पडल्या नाहीत.

"ओलं आहे अजून," निरीक्षक म्हणाले. आवाज खाली आला होता, पण उशिरा. "ठसे उमटतील."

बाईंनी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला. "बरं," म्हणाल्या, आणि बाहेर जाऊन खुर्चीवर बसल्या.

मुलगी आत थांबली. "फोन का नाही उचललात, बाबा?"

"हात खराब होते. तिला एवढ्यात सोडलं कसं? बरं वाटतंय ना तिला? घरी न्या म्हणाले म्हणजे..."

"बाबा," मुलगी म्हणाली. "पोट उघडून पाहिलं आणि परत शिवलं. घरी न्या म्हणाले."

निरीक्षकांच्या हातात स्पंज होता. त्यांनी तो पिळला. त्यात पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापर्यंत मी पक्का झालो. वर नाचलं असतं तरी काही झालं नसतं. सकाळी बाई आल्या, पण ओट्याशी नाही. त्यांनी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात मांडून घेतली आणि तिथून विचारलं, "वाळलं का?"

"वाळलं! ये, बघ तरी. हात फिरवून बघ, काचेसारखं लागतं."

"नको हो. तुमचं काम बिघडायचं."

निरीक्षक हसले. पहिल्या दिवशी हसता आलं. त्यांनी चहा केला, तो उतू गेला, त्यांनी पुसला. बाईंनी तो घोटभर प्यायला आणि कप खाली ठेवला. रोजचं तेच सुरू झालं. सकाळी खुर्ची दारात. "वाळलं का?" निरीक्षक म्हणायचे, "केव्हाच वाळलं गं." बाई म्हणायच्या, "राहू दे, आणखी एक दिवस जाऊ दे."

शेजारच्या वहिनी बघायला आल्या. "अगोबाई, किती सुंदर झालाय ओटा!"

"ह्यांनी केलाय," बाई म्हणाल्या. "संग्रहालय आहे आमचं. लांबून बघायचं, वस्तूंना हात लावायचा नाही."

वहिनी खो खो हसल्या. निरीक्षकही हसले, पण वहिनींचं हसून झाल्यावर.

मुलीनं रजा वाढवली होती. तिला सगळं दिसत होतं. एकदा वडील औषध आणायला गेलेले पाहून ती आईसमोर बसली. "आई, किती छळशील त्यांना? एकदा हात लाव ना. तुझं काय जातं?"

"छळ? अगं, मी ऐकतेय त्यांचं. जन्मभर ऐकलं, आता शेवटी शेवटी कशाला मोडू?"

"ते रोज रडतात, आई. न्हाणीघरात नळ सोडून."

बाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "माझ्या हातात आता काय राहिलंय सांग. जेवण जात नाही. जिना उतरवत नाही. कूस बदलायला तू लागतेस. हे एवढं एकच मला जमतं. ते काढून घेऊ नकोस."

मुलीनं पुन्हा तो विषय काढला नाही. कधी आई झोपली की ती स्वतःच ओट्यावर दोन्ही तळहात ठेवून उभी राहायची. तिचे हात आईसारखेच होते, बोटं तशीच, नखं तशीच. पण ते चालणार नव्हतं.

निरीक्षक एक दिवस चिडले. "मग बस तशीच!" म्हणून भांडं आदळून गेले. बाईंना त्या दिवशी भूक लागली. निरीक्षक परत आले तेव्हा त्यांनी नवीनच गोष्ट केली. भरलेला कप उचलला आणि ओट्यावर ओतला. चहा टाइल्सवरून धावला, फटींत साचला, कडेवरून खाली ठिबकला.

"हे बघ," ते म्हणाले. "मी सांडलाय. पुसणार नाही. डाग पडू दे, काळं होऊ दे. झालं? बिघडलं ना माझं काम? आता तरी ये."

बाई बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर टोमणा नव्हता. चहा दिवसभर तसाच राहिला, वाळून चिकट झाला, त्यावर माश्या बसल्या. संध्याकाळी बाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "पुसा बघू एकदा."

निरीक्षकांनी फडकं फिरवलं. मी निघालो पहिल्या दिवसासारखा. एक रेघ मळली नाही, एक कोपरा पिवळा पडला नाही. कारखान्यानं मला जसं केलं तसाच मी आहे.

बाईंनी मान हलवली. "बघा," म्हणाल्या. "मी म्हणत नव्हते, उत्तम झालंय म्हणून?" आणि मुलीला हाक मारून आत गेल्या.

त्यानंतर त्यांचं चालणं थांबलं. चाकांची खुर्ची आली. बोलणं कमी झालं, तरी सकाळी दारात आणून बसवायला लावत. ओठ हलत. ऐकू येत नसे, पण काय विचारतात ते निरीक्षकांना कळे, आणि ते उत्तर देत.

मग एका दुपारी निरीक्षकांनी खुर्चीचा दांडा धरला आणि तिला उंबऱ्यावरून आत आणलं, पार माझ्यापर्यंत. चाकं ओट्याला टेकली. ते गुडघ्यांवर बसले, म्हणजे त्यांची हनुवटी माझ्या पातळीला आली.

"चुकलो," ते म्हणाले. "तू पडत होतीस आणि मला ओटा दिसला. चुकलो मी. आता एकदा ठेव हात. एकदाच."

त्यांनी बाईंचं मनगट उचललं. त्या हातात हाडं आणि निळ्या शिरा होत्या, बाकी काही नव्हतं. तो हात माझ्यावर आला. आणि बाईंनी मूठ वळली.

ज्या हाताला चमचा पेलत नव्हता, त्या हातानं ती मूठ वळली. निरीक्षकांनी एक बोट सोडवलं. दुसरं सोडवू लागले तोवर पहिलं मिटलं. त्यांचा श्वास फुलला होता, कपाळावर घाम होता. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, रागानं नाही. लहान मूल खेळताना बघतं, तसं.

"बाबा, सोडा," मुलगी दारातून म्हणाली. "दुखतंय तिला. सोडा."

त्यांनी सोडलं. बाईंनी मूठ मांडीवर घेतली, तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि त्या बोलल्या. मी जवळ होतो म्हणून ऐकलं.

"ओलं आहे अजून."

आठवडाही गेला नाही. त्या सकाळी दारात खुर्ची आली नाही. माणसं आली, बसली, उठली. स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलेल्या प्रत्येकानं माझ्यावर हात ठेवला, पेले ठेवले, कोपरं टेकली. "काय गुळगुळीत काम आहे हो," कुणीतरी म्हणालं. "त्यांना किती आवडलं असेल." निरीक्षक म्हणाले, "हो."

आता मुलगी तिच्या घरी गेली आहे आणि निरीक्षक मला काढतायत. लोखंडी पट्टी गॅसवर तापवतात, माझ्यावर टेकवतात. तापलो की मी जरासा नरम पडतो, तेवढ्यात छिन्नीनं उकरतात. टाइल्सच्या कडा उडाल्या आहेत. त्यांच्या बोटांना फोड आले आहेत. मुलीनं फोनवर विचारलं, "मग त्या फटींत भरणार काय आता?" ते म्हणाले, "काही नाही. राहू देत उघड्या." मोकळ्या फटींत खरकटं साचलंय, मुंग्यांची रांग लागली आहे. निरीक्षक चष्मा लावत नाहीत.

वाचणाऱ्यांनो, मी कुणाकडे दया मागावी असा नाही, तरी एक सांगतो. मला काढायचंच असेल तर घण घेऊन ओटा फोडा, एका दिवसात संपवा. हे असं कणाकणानं उकरणं मला सोसत नाही. पण त्यांना सांगून उपयोग नाही. त्यांना मुळीच घाई नाही. सकाळी पट्टी तापवतात, संध्याकाळी हात धुतात. फोन वाजला तर पहिल्याच घंटेला उचलतात, आणि पुन्हा कामाला लागतात. त्यांच्याकडे वेळच वेळ आहे. आता कुणी ठरल्यापेक्षा लवकर घरी यायचं नाहीये.