डॉजबॉलचे मार्क

आमच्या गावच्या शाळेत देवानंद सर खेळ शिकवतात. म्हंजे शिटी सरांजवळ असते, बाकी पोट्ट्या आपापल्या शिकतात. माही धम्मदीपा अशीच चार वर्षं कबड्डी शिकली. यंदा तिची दहावी. शाळा सुटाच्या आत एकदा तरी जिल्ह्यावर कबड्डी खेळाची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

तं एक दिवस सर घरी आले, चहा पिले अन् आवाज खाली करून म्हणे, "रंजीताताई, कबड्डीत लय शाळा उतरतात, आपला नंबर लागत नाही. यंदा डॉजबॉल लावू. जिल्ह्यात कोणी खेळतच नाही. न खेळता पहिला नंबर, सरळ विभागात, अन् दहावीले वाढीव मार्क. फक्त कोणाले सांगू नका."

मी इचारलं, डॉजबॉल म्हंजे काय बाप्पा? सर म्हणे, "चेंडू अंगावर आला का बाजूले व्हाचं." घ्या. हा खेळ तं आमच्या घरातले माणसं दर सोयाबीन काढणीले खेळतात, त्याईले कोणी अर्धा मार्क देला नाही.

धम्मदीपा म्हणे, "आई, मले कबड्डीच खेळाची हाय." पण मी काय कमी शहाणी? म्हटलं, कबड्डीनं गुडघे फुटतात, टक्के वाढत नाहीत. अन् फारमवर सही ठोकली. पोट्टी दोन दिवस माह्याशी बोलली नाही. मीबी म्हटलं, नको बोलू, मार्क आल्यावर बोलशीन.

सरांनी मोबाईलवर पाहून पंधरा दिवस सराव घेतला. रेंज गेली का सराव बंद.

वाशीमले मीबी गेली, पहिला नंबर पाहाले. मैदानावर पाह्यते तं डॉजबॉलले एकोणीस शाळा. पोहरादेवीच्या यात्रेतबी याच्यापेक्षा कमी रेटारेटी असते. एकोणीस सर एकमेकाकडे पाहून राह्यले होते, अन् एकोणिसाईनं आपापल्या गावात सांगतलं होतं, कोणाले सांगू नका. आमचा सामना नऊ मिनिटांत आटपला. आमच्या पोट्ट्या बाजूले झाल्या, पण चेंडूबी त्याच बाजूले आला. सर म्हणे, "अनुभव भेटला."

धम्मदीपा कुठं गेली म्हणून पाह्यलं तं ती पलीकडं, मुलींच्या कबड्डीच्या मैदानाजवळ. तिथं चुना ताजा होता अन् पंच खुर्चीवर बसून केळं खाऊन राह्यले होते. मेडशीच्या शाळेच्या सात पोट्ट्या तयार होऊन उभ्या होत्या. अख्ख्या जिल्ह्यातून कबड्डीले तो एकच संघ आला होता. माइकवर सांगतलं, मेडशीले पुढे चाल, न खेळता विजयी. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, मेडशीच्या पोट्ट्याईनंबी नाही.

त्यातली एक उंच पोट्टी धम्मदीपाले म्हणे, "तुमची शाळा काहून नाही आली व?"

मी मांगंच उभी होती. वाटलं, आता माहं नाव सांगन. सांगाचंच होतं तिनं.

"आमच्या शाळेत कोणाले येत नाही कबड्डी," धम्मदीपा म्हणाली.

मले एवढी लाज आयुष्यात वाटली नाही. तिच्या गुडघ्याले हळद लावणारी मीच, अन् आता मले झाकाले ती स्वतःले अडाणी म्हणवून घेऊन राह्यली.

"येते तिले," मी म्हटलं. "चांगली येते. म्याच नाही खेळू देलं."

उंच पोट्टी हासली. "मंग ये ना. एक डाव टाकू. पंचबी रिकामेच हायेत."

धम्मदीपा रेषेपर्यंत गेली. खाली वाकून चुन्याले हात लावला, हात झाडला अन् परत आली.

"खेळ ना व," मी म्हटलं. "मी थांबते. एसटी गेली तं जाऊ दे."

"नको आई," ती म्हणे. "आता खेळली तं मंग लय आठवन."