धाकट्या बाईंची साक्ष

सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्या दोघींना सगळे थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. थोरल्या बाईंना तिथे बावीस वर्षं झाली होती. धाकटीला जेमतेम तीन. पण कोर्टाचं बोलावणं आलं की साहेब तिलाच पाठवत. तिची साक्ष म्हणे न्यायाधीशही पेन खाली ठेवून ऐकत. हे ऐकलं की थोरल्या बाईंच्या पोटात दुखायला लागायचं. धाकटी जेवताना डबा पुढे करायची, तर या म्हणायच्या, "माझं झालंय."

अशात एका बसचालकाची फाईल आली. त्याची बस खांबावर आदळून एका म्हातारीचा पाय मोडला होता. पोलिसांना तो नशेत असल्याचा संशय होता, म्हणून त्यांनी त्याची लघवी तपासायला पाठवली. धाकटीनं तपासणी केली आणि अहवाल लिहिला: लघवीत मॉर्फिन आढळले. पडताळणीच्या सहीसाठी कागद थोरल्या बाईंकडे आले.

तपासणीचा आलेख पाहताक्षणीच त्यांच्या ध्यानात आलं. मॉर्फिन होतं खरं, पण कोडीन त्याच्या तिप्पट होतं. खोकल्याच्या औषधात कोडीन असतं आणि त्यातलं थोडं शरीरात गेल्यावर मॉर्फिन बनतं. हेरॉइनची नशा करणाऱ्याच्या लघवीत प्रमाण बहुधा उलटं दिसतं. सोबतच्या फॉर्मवर तर चालकानं चार दिवस खोकल्याचं औषध घेत असल्याचं सांगितलेलंही होतं. धाकटीनं कोडीनचा उल्लेखच केला नव्हता.

हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. पण थोरल्या बाईंनी मुकाट्यानं सही केली. उद्या बचावाचा वकील हाच आलेख हिच्या तोंडासमोर धरेल, मग उतरेल तोरा, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला.

दोन महिन्यांनी साक्ष होती. थोरल्या बाईंनी रजा टाकली आणि कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पण वकील अगदीच कच्चा निघाला. बाटलीचं सील नीट होतं का, तारीख कोणती, एवढंच विचारून तो बसला. धाकटीनं टकाटक उत्तरं दिली. न्यायाधीशांनी खरोखरच पेन खाली ठेवलं होतं.

मधल्या सुट्टीत चालकाची बायको थोरल्या बाईंशेजारी येऊन टेकली. कुणाला तरी सांगायचं म्हणून सांगत होती, की दोन महिने झाले ते आत आहेत, आणि आयुष्यात सुपारी खाल्ली नाही हो त्यांनी. औषध तिनेच आग्रहानं पाजलं होतं. रात्रभर खोकायचे ना.

थोरल्या बाई उठल्या. व्हरांड्यात धाकटीला गाठून त्यांनी फाईलमधल्या आलेखावर बोट ठेवलं. धाकटीनं कोडीनचा आकडा वाचला, मग चालकाचा फॉर्म उलटून पाहिला.

"ताई, तुम्हाला हे कधी दिसलं?"

"सही केली त्याच दिवशी."

 धाकटी तडक सरकारी वकिलाकडे गेली आणि सुट्टीनंतर पुन्हा पिंजऱ्यात उभी राहून म्हणाली, की अहवाल अपुरा आहे, चूक माझी आहे, या लघवीवरून नशा सिद्ध होत नाही. मग पडताळणी करणाऱ्या म्हणून थोरल्या बाईंनाही बोलावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या तिथे उभ्या राहिल्या, आणि चूक सही करतानाच दिसली होती असं त्यांनी सांगितलं. गप्प का राहिलात, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"मला हिचा हेवा वाटत होता, साहेब."



चालक त्याच आठवड्यात घरी गेला. नशेचा आरोप निघाला, अपघाताचा खटला तेवढा चालू राहिला. थोरल्या बाईंना साहेबांनी लेखी ताकीद दिली आणि पडताळणीचं काम काढून घेतलं.  कोर्टाच्या आदेशाची प्रत आली, तेव्हा धाकटीनं स्वतःहून चूक कबूल केल्याबद्दल त्यात दोन कौतुकाच्या ओळी होत्या. थोरल्या बाईंनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. एवढं सगळं होऊनही आत काहीतरी जळलंच, आणि याची त्यांना फार लाज वाटली.