अंजिरांचा एकच थर

मी एक जुना निळा क्रेट आहे, मित्रांनो, आणि आता फार दमलो आहे. तुम्ही म्हणाल, क्रेटला कसलं आलंय दमणं? त्यातही माझ्यासारख्याला, जो जन्मभर अर्धा रिकामाच फिरला! पण थोडं ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. कढत प्लास्टिक आत, मिनिटाभरात क्रेट बाहेर. ना कौतुक, ना नाव. माझी भावंडं बटाट्यांना गेली. ती गळ्यापर्यंत भरतात, एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि सुखाने झोपतात. माझ्या वाट्याला अंजिरं आली.

अंजीर दिसायला साधं, पण नखरे जावयाचे. झाडावरून काढलं की ते पुढे पिकत नाही, म्हणून पिकलेलंच काढावं लागतं. आणि पिकलेलं अंजीर नुसतं बोट लागलं तरी रुसतं. हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा.

बाग ताईची. चाळीस झाडं. ती उजाडायच्या आधी उठायची, हातांना तेल चोळायची आणि फळं खुडायला लागायची. देठातून पांढरा चीक निघतो, तो कातडी जाळतो. तेल कितीही लावा, हंगाम संपेपर्यंत तिच्या बोटांची सालं निघालेली असायची. काही फळं पाखरं खायची, काही झाडावरच उकलायची, काही मुंग्यांच्या वाट्याला जायची. राहिलेली ती माझ्यात मऊ गवतावर मांडायची. एकच थर. वर चार बोटं मोकळी जागा.

टेम्पोवाला दर वेळी विचारायचा, "ताई, भाडं अंजिरांचं लावू की हवेचं?"

"दोन्हीचं घेतोसच की, वर विचारतोस कशाला?" ताई म्हणायची.

चार तासांच्या रस्त्यानंतर मी शहरात पोचायचो, तिच्या भावाच्या फळांच्या दुकानात. भावाचे केस पांढरे झाले तरी ताईसाठी तो धाकट्याच. सुरुवातीची वर्षं माझी मोठी बडदास्त होती. दुकानाच्या दाराशी, सावलीत, सगळ्यांच्या पुढे माझी जागा. मी आलो की माणसं लांबूनच हसायची.

पुढे हसणं कमी झालं आणि घासाघीस वाढली. शेजारच्या इमारतीतल्या आजी तर रोज यायच्या. पाटीवरचा भाव वाचायच्या, चष्मा पुसायच्या, पुन्हा वाचायच्या.

"अरे, मला अंजिरं हवीत. झाड नकोय."

"आजी, महाग पडतात हो."

"तुला पडतात की आम्हाला पाडतोस?"

रोज हे ऐकून भाऊ विटला. एका हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात त्याने बागेत येऊन सांगितलं, "ताई, भाव निम्मा झाला नाही तर यंदाचं शेवटचं. मी दुसरी फळं ठेवीन. ती निदान टोमणे खाऊ घालत नाहीत."

ताईने हातांचं तेल पुसलं. "तू घेणार नसशील तर झाडं ठेवून मी काय करू? सोमवारी माणूस बोलावते आणि तोडून टाकते."

ती रडली नाही, चिडलीही नाही. दमलेलं माणूस असंच बोलतं, मित्रांनो.

भावाने मात्र एक युक्ती काढली. सगळं पाणी गाडीभाड्यात मुरतंय, असा त्याचा ठाम समज. माझ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून तो म्हणाला, "तू हवा पाठवतेस, ताई. तीन थर लाव. एका खेपेत तिप्पट माल, भाव आपोआप खाली."

"ती दबतील रे."

"मधे गवत घालतो ना."

"एकच थर लावायचा असतो, धाकट्या."

"चाळीस वर्षं तेच करतेस, म्हणून तर ही वेळ आली."

भावाने स्वतःच्या हातांनी माझ्यात तीन थर भरले. मला पहिल्यांदा गळ्यापर्यंत भरल्यासारखं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, अभिमानही वाटला. तो पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकला. दुसऱ्याला तळचं अंजीर फुटलं. मग एकामागून एक. माझ्या भोकांतून रस गळत होता आणि वरचा थर राजासारखा बसून होता.

दुकानात भावाने वरचा थर पाहिला, खूश झाला, आणि खालचं न बघताच पाटीवर निम्मा भाव लिहिला. आजींनी डझनभर घेतली. मागे रांग लागली. अर्ध्या तासात भावाचा हात दुसऱ्या थरात गेला आणि मनगटापर्यंत चिकट होऊन बाहेर आला.

"संपली? एवढ्यात?" रांगेतला एक जण म्हणाला. "आत लपवून ठेवली असतील. संध्याकाळी दुप्पट भावाने निघतील बघा."

भावाने नळाखाली मला धुतलं आणि ओल्या हातानेच ताईला फोन लावला.

"ताई, खालचे दोन्ही थर गेले."

"मग त्यांचे पैसे वरच्या थराने द्यायचे. दर वर्षी हेच होतं. पाखरांनी खाल्लेली, उकललेली, सडलेली, सगळ्यांचे पैसे तुझ्या दुकानात पोचलेलं एक अंजीर देतं. तू फक्त टेम्पोचं भाडं मोजत बसलास."

भावाने नळ बंद केला.

"तो माणूस सोमवारी येतोय," ताई म्हणाली. "काय सांगू त्याला?"

मला वाटलं, तो म्हणेल, एकही झाड तोडू नकोस. गोष्टींत तसंच म्हणतात. पण तो दुकानदार होता आणि रांगेतले चेहरे त्याने नुकतेच पाहिले होते.

"वीस ठेव," तो म्हणाला. "वीस झाडांची मी घेतो, एका थरात. दराचं गिऱ्हाइकांशी मी बघून घेईन."

"वीस तर वीस," ताई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

सोमवारी वीस झाडं गेली. राहिलेल्यांच्या हंगामात मी आजही फिरतो. अंजिरं आता आणखी महाग आहेत. आजी आणखी बोलतात. भाऊ ऐकून घेतो.

परवा आजींनी एक अंजीर उचललं, अंगठ्याने दाबलं, दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. "या भावात नकोच," म्हणाल्या आणि केळी घेऊन गेल्या. भावाने ती तीन अंजिरं मुकाट्याने बाजूला काढली. संध्याकाळपर्यंत ती काळी पडली.

मित्रांनो, महाग फळ घेतलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. परवडत नसेल तर लांबून बघा, वास घ्या, दुकानदाराला चार शब्द सुनावा. त्याला सवय आहे. फक्त दाबून बघू नका. तुमचा अंगठा जिथे उमटतो, त्याचे पैसे शेजारच्या अंजिराला द्यावे लागतात, आणि झाडं आता वीसच आहेत.