‘माहीम’नं जाळलेलं गाव

रत्ना सबनीस टिल्बी पॉइंटच्या म्युझियममध्ये रुजू झाली, त्याच दिवशी चेअरमन व्हिटकर यांनी तिला खाडीकाठी नेऊन काळ्या पडलेल्या विटांचा चौथरा दाखवला.

"हे आमचं चर्च. १८१४ मध्ये तुमच्या मुंबईच्या जहाजानं जाळलं."

म्हणताना ते हसले नाहीत.

ते जहाज म्हणजे ‘माहीम’, ब्रिटिश नौदलाची शिडाची युद्धनौका. अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या या गावानं तिच्यावरचा राग पिढ्यान्‌पिढ्या जपला होता. २००७ च्या उन्हाळ्यात तिच्यावर प्रदर्शन भरवायचं ठरलं आणि मजकूर लिहायचं काम रत्नाकडे आलं.

रत्नानं जहाजाची सगळी कारकीर्द लिहिली. मुंबईच्या गोदीत मलबारी सागवानातून ती बांधली गेली. हिंदी महासागरात फ्रेंच जहाजांचा पाठलाग करताना तोफगोळ्यानं तिची मधली डोलकाठी मोडली. पुढे जावा बेटावर इंग्रजांची फौज उतरली ती तिच्याच तोफांच्या आडोशानं. तिथे तापानं खलाशी पटापट मेले, तेव्हा कप्तानानं बंदरातली माणसं जबरदस्तीनं धरून आणली. नेपोलियन हरल्यावर मोकळी झालेली ‘माहीम’ अमेरिकेशी लढायला आली आणि थेट या खाडीत शिरली.

पुढचा परिच्छेद वाचून व्हिटकर यांनी कागद टेबलावर आपटला. त्यांच्या पूर्वजांच्या मळ्यावरचे गुलाम होड्या वल्हवत ‘माहीम’वर पळून गेले होते. इंग्रजांनी त्यांना परत केलं नाही. उलट त्यातल्या तरुणांना लाल कोट आणि बंदुका दिल्या. गाव जाळायला उतरलेल्या तुकडीत तेही होते.

"हे काढा."

"खरं आहे ते."

"तुमच्या लोकांनी बांधलेलं जहाज, म्हणून पुळका येतोय?"

"कसला पुळका? गुलामांवर दया आली म्हणून नाही घेतलं त्यांना. शत्रूचं नुकसान करायचं होतं, तेही लिहिलंय मी."

"तुमचा व्हिसा आमच्या नोकरीवर आहे," व्हिटकर शांतपणे म्हणाले.

तिनं जर्सी सिटीला नवऱ्याला फोन लावला. प्रसन्न वैतागला. "अगं, एक पॅरा डिलीट कर ना यार! नोकरी गेली तर एच-फोरवर, माझ्या व्हिसाच्या आधारानं घरी बसशील. दोनशे वर्षांपूर्वीच्या भांडणात आपण कशाला पडायचं?"

"आपण? नोकरी माझी आहे," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

परिच्छेद तिनं काढला नाही. उद्घाटनाच्या सकाळी तो फलकावरून गायब होता. रत्ना भाषणाला उभी राहिली आणि तिनं तो तोंडी सांगितला.

पहिल्या रांगेतली माणसं उठून निघाली. "गो होम!" मागून कुणीतरी ओरडलं. कॉफीचा कागदी कप तिच्या पायाशी येऊन आपटला. ती बोलत राहिली.

मिसेस गेन्स नावाच्या निवृत्त शिक्षिका उभ्या राहिल्या. त्यांचे पूर्वज व्हिटकर यांच्या त्याच मळ्यावर गुलाम म्हणून राबलेले होते.

"चर्च त्या पळून गेलेल्यांनी जाळलं?"

"त्या तुकडीनं. हो."

"त्या चर्चमध्ये त्यांना बसायची परवानगी होती?"

"नाही. मागे उभं राहायची."

व्हिटकर यांनी माइकची वायर उपटली.

त्या दुपारी रत्नाची नोकरी गेली. ती ऑफिसमधलं सामान टॅक्सीत भरत असताना मिसेस गेन्स आल्या. आता त्या आभार मानतील असं रत्नाला वाटलं.

"डोलकाठी कशानं मोडली ते तू लिहिलंस," त्या म्हणाल्या. "पळून गेलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही लिहिलंस."

"नावं सापडली नाहीत मला."

"माझं दार कधी ठोठावलंस?"

रत्ना चिडली. या बाईसाठी आपण नोकरी घालवली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ते खरं नव्हतं. आठ महिने या गावात राहून ती मिसेस गेन्सशी आज पहिल्यांदा बोलत होती.

"आता ठोठावलं तर?" तिनं विचारलं.

"आता मी दमलेय," असं म्हणून मिसेस गेन्स वळल्या. फाटकापाशी थांबून, मागे न बघताच त्या म्हणाल्या, "रविवारी ये. चर्चनंतर. आमच्या चर्चनंतर."

शनिवारी प्रसन्न न्यायला आला, तेव्हा रत्नानं त्याला एकट्यालाच परत पाठवलं. तो दार आपटून गेला.